वाहक म्हणजे आजारी नव्हे
(युवक सभेत एका विद्यार्थिनीने केलेले भाषण)



सिकल सेल आजारात तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. २०२३ साली ब्रिटन व अमेरिकेने यावर क्रिस्पर तंत्राचा उपचार मंजूर केला. रुग्णाच्याच मूळपेशी काढून, त्यांच्या जनुकात बदल करून परत देतात. बातमी वाचून मी देवाचे आभार मानले. मग किंमत वाचली : अमेरिकेत २२ लाख डॉलर!

आमच्या भिल्ल-पावरा पाड्यांवर हा आजार फार आहे. त्या उपचाराची वाट पाहत बसून चालणार नाही. रक्ततपासणी आजही होते. हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्यांनी वेदनांचे झटके कमी होतात. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून लग्न ठरण्याआधी तपासणी हवी.

पण पोरीचे लग्न मोडेल या भीतीने घरचे तपासणीचे कार्ड लपवतात. वाहक म्हणजे आजारी नव्हे, हे घरोघरी जाऊन सांगायला माणसे हवीत. ती आपण होऊ या. प्रार्थना कराच, पण तपासणीच्या दिवशी पाड्यावरही या.