चष्म्याची लाज कसली?

(जुरोंग आयलंड हे सिंगापूरमधील कारखान्यांचे बेट आहे. तेथे काम करणारे एक मराठी अभियंता सुट्टीत आपल्या गावी आले होते. आपल्या जुन्या प्राथमिक शाळेतील मुलांपुढे त्यांनी केलेले हे भाषण.)



पस्तीस वर्षांपूर्वी मी याच शाळेत चौथीच्या वर्गात होतो. उंच होतो, म्हणून मागच्या रांगेत बसत असे. तेथून मला फळा दिसे. पण फळ्यावरची अक्षरे मात्र दिसत नसत. पांढऱ्या मुंग्यांची रांग चालली आहे, असेच वाटे. मी हे कोणालाच सांगितले नाही. सगळ्यांना असेच दिसत असेल, अशी माझी समजूत होती. मग मी शेजारच्या मित्राच्या वहीत बघून लिहू लागलो.

एकदा गुरुजींनी गणिताच्या वह्या तपासल्या. मित्राने घाईघाईत 36 ऐवजी 63 लिहिले होते. माझ्याही वहीत 63! गुरुजी म्हणाले, "काय रे, दोघांची चूकही सारखीच कशी?" माझी मान खाली गेली. गुरुजी रागावले नाहीत. त्यांनी मला फळ्याजवळ बोलावले आणि म्हणाले, "वाच बघू." मी वाचले. "आता एक पाऊल मागे जा. वाच." असे करता करता चौथ्या पावलाला मी थांबलो. पुढे वाचताच येईना. गुरुजींच्या सारे लक्षात आले. त्याच संध्याकाळी ते आमच्या घरी आले आणि बाबांना म्हणाले, "पोराचे डोळे तपासून घ्या."

बाबा मला तालुक्याच्या गावी घेऊन गेले. आठ दिवसांनी चष्मा तयार झाला. तो घालून आम्ही एसटीची वाट पाहत उभे होतो. लांबून एक गाडी येताना दिसली. मी ओरडलो, "बाबा, आपल्या गावची गाडी आली!" गाडीवरची पाटी मी बाबांच्या आधी वाचली होती. बाबा माझ्याकडे बघतच राहिले. रात्री ते आईला म्हणाले, "इतके दिवस पोराला दिसत नव्हते, आणि आपल्याला कळलेही नाही."

पण गोष्ट येथे संपत नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात गेलो, तर मुले हसली. कोणी 'चष्मिश' म्हणाले, कोणी 'ढापण्या' म्हणाले. मी चष्मा काढला आणि दप्तरात लपवला. पुन्हा फळ्यावर पांढऱ्या मुंग्या!

गुरुजींनी हे पाहिले. त्यांनी स्वतःचा चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि पुस्तक उघडून वाचायला सुरुवात केली. 'आजोबा' या शब्दाच्या जागी ते 'आंबा' म्हणाले. 'मळा'च्या जागी 'माळा' म्हणाले. वर्गात हशा पिकला. मग चष्मा डोळ्यांवर चढवून त्यांनी विचारले, "आता सांगा, चष्मा घालून बरोबर वाचणारा शहाणा, की चष्मा लपवून चुकीचे वाचणारा?" सगळे गप्प झाले. मी दप्तरातून चष्मा काढला आणि डोळ्यांवर ठेवला. तो आजतागायत.

मुलांनो, मला लांबचे का दिसत नव्हते, ठाऊक आहे? आपल्या डोळ्यात मागच्या बाजूला एक पडदा असतो. त्याला दृष्टिपटल म्हणतात. आपण जे पाहतो, त्याचे चित्र या पडद्यावर नीट पडले, तर ते स्पष्ट दिसते. काही मुलांच्या डोळ्याची बाहुली नव्हे, तर अख्खा डोळाच वाढताना थोडा जास्त लांबट होतो. मग लांबच्या वस्तूचे चित्र पडद्याच्या अलीकडेच तयार होते आणि अंधूक दिसते. याला लघुदृष्टी म्हणतात. चष्म्यातले अंतर्गोल भिंग ते चित्र बरोबर पडद्यावर नेऊन ठेवते. चष्मा लावल्याने नंबर वाढतो, असे काही जण म्हणतात. ते खरे नाही. तुम्ही वाढता, तसा डोळाही वाढतो, म्हणून नंबर बदलतो. यासाठी दर वर्षी डोळे तपासून घ्यावेत.

पुढे मी शिकलो, अभियंता झालो आणि कामासाठी सिंगापूरला गेलो. तेथील जुरोंग आयलंडवर मी काम करतो. आयलंड म्हणजे बेट. पण हे बेट निसर्गाने जसेच्या तसे दिलेले नाही. तेथे पूर्वी सात लहान बेटे होती. मलय भाषेत बेटाला 'पुलाऊ' म्हणतात. आपल्या ताटातला पुलाव नव्हे हं! त्या बेटांमधल्या समुद्रात भर घालून सर्वांचे मिळून एक मोठे बेट तयार केले. 14 ऑक्टोबर 2000 रोजी त्याचे उद्घाटन झाले. भर घालण्याचे काम मात्र 2009 सालापर्यंत चालू होते. आता तेथे खनिज तेल शुद्ध करणारे आणि रसायने बनवणारे मोठमोठे कारखाने आहेत. बेटावर जायला समुद्रावरून रस्ता आहे. पण फाटकावर पास दाखवल्याशिवाय कोणालाही आत सोडत नाहीत.

कारखान्यातला माझा पहिला दिवस मला चांगला आठवतो. दारातच सुरक्षा अधिकारी बाईंनी मला अडवले. "तुमचा सुरक्षा चष्मा कुठे आहे?" मी माझ्या चष्म्याकडे बोट दाखवले. त्या हसून म्हणाल्या, "हा पाहण्यासाठी आहे. डोळे जपण्यासाठी वेगळा लागतो." मग मला माझ्याच नंबरचा सुरक्षा चष्मा मिळाला. त्याच्या दोन्ही बाजूंना झाकणे होती. त्याची भिंगे पॉलिकार्बोनेट नावाच्या चिवट प्लॅस्टिकची होती. काचेसारखे ते चटकन फुटत नाही. तेथे साहेब असो की मजूर, नंबर असो की नसो, प्रत्येकाच्या डोळ्यांवर चष्मा असतोच. मला गंमत वाटली. माझ्या वर्गात चष्मा घातला म्हणून मुले हसली होती. येथे चष्मा नसेल, तर दारातूनच परत पाठवत होते!

एके दिवशी नळाच्या सांध्यातून रसायनाचे थेंब उडाले. माझ्या सहकाऱ्याच्या चष्म्यावर ते टपटप पडले. एक थेंब गालावर आला. आम्ही त्याला लगेच डोळे धुण्याच्या नळाकडे नेले. असा नळ तेथे अगदी हाताशी असतो. पूर्ण पंधरा मिनिटे पाण्याची धार सोडली, मग दवाखान्यात नेले. गालाला चटका बसला होता. पण त्याचे दोन्ही डोळे शाबूत होते. घरी त्याची लहान मुलगी वाट पाहत होती. तो चष्मा नसता तर? नुसत्या कल्पनेने आजही माझ्या अंगावर काटा येतो.

तुम्ही म्हणाल, आमच्या गावात असा कारखाना कुठे आहे? पण पानाच्या डब्यातला चुना तुमच्या घरी असेल. चुन्याची पुडी दाबताना ती फुटते आणि चुना डोळ्यात जातो. तो डोळ्याला भाजतो. अशा वेळी डोळा चोळू नका. तूप, दूध, औषध, काहीही घालू नका. स्वच्छ पाण्याच्या धारेने निदान पंधरा मिनिटे डोळा धुवा आणि ताबडतोब दवाखाना गाठा. विटी-दांडू खेळताना समोर उभे राहू नका. फटाक्यावर वाकू नका.

सिंगापूरची आणखी एक गोष्ट सांगतो. तेथे प्राथमिक शाळा संपेपर्यंत दर 100 मुलांपैकी सुमारे 65 मुलांना लघुदृष्टी असते. म्हणून 2001 सालापासून तेथे देशभर मोहीम चालू आहे. शाळेत डोळे तपासतात आणि मुलांना सांगतात, "रोज दोन तास उघड्यावर खेळा." दिवसाच्या उजेडात खेळणाऱ्या मुलांना लघुदृष्टी होण्याचा धोका कमी असतो, असे शास्त्रज्ञांना आढळले आहे. तेथे मुलांना उंच इमारतींतून मुद्दाम खाली मैदानावर आणावे लागते. तुमचे मैदान तर दारातच आहे! मोबाइल खाली ठेवा आणि लगोरी खेळा. खेळताना उन्हाकडे पाठ करा. सूर्याकडे मात्र कधीही टक लावून पाहू नका.

तेथील मुले चष्म्याची चौकट मोठ्या हौसेने निवडतात. कोणाची लाल, कोणाची निळी, कोणाची गोल. तुम्हीही आवडीची निवडा. फक्त ती नाकावर नीट बसली पाहिजे. महाग असली पाहिजे, असे मुळीच नाही. गांधीजींचा गोल चष्मा किती साधा होता! डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चित्र चष्म्याशिवाय डोळ्यांसमोर येते का? पु. ल. देशपांडे यांचे? चष्म्याने कोणाची थोरवी कमी झाली नाही. दुसऱ्याचा चष्मा मात्र हौस म्हणून घालू नका. आपला चष्मा पाण्याने धुऊन मऊ कापडाने पुसा.

आपल्या देशात 1976 सालापासून अंधत्व रोखण्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. त्यात शाळेतील मुलांचे डोळे तपासतात आणि गरजू मुलांना मोफत चष्मे देतात. तपासणीच्या दिवशी घरी राहू नका. शेजाऱ्याने वाचलेली अक्षरे पाठ करून सांगू नका. मीही तसे केले असते, तर माझे नुकसान झाले असते, डॉक्टरांचे नव्हे.

शेवटी एकच मागणे. तुमच्यापैकी कोणाला फळ्यावरचे दिसत नसेल, तर आजच बाईंना किंवा गुरुजींना सांगा. आणि तुमच्या शेजारचा मित्र सारखा तुमच्या वहीत डोकावत असेल, तर त्याला 'कॉपी करतो' म्हणून चिडवू नका. हळूच विचारा, "तुला दिसत नाही का रे?" मागच्या रांगेतल्या एखाद्या मुलासाठी तुमचा तो एक प्रश्न फार मोलाचा ठरेल.