टेप बंद करायची राहून गेली

(सामुदायिक रेडिओवर दुपारच्या कार्यक्रमात झालेलं भाषण)



आज मी बचत गटाच्या हिशोबाचं बोलणार नाही. आज एका कॅसेटची गोष्ट सांगायची आहे. ऐकता ऐकता तुमच्या घरातली जुनी ट्रंक आठवली, तर बोलणं झाल्यावर ती उघडून बघा.

गेल्या दिवाळीला घर सारवायला, रंगवायला काढलं. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली घेतली. तिच्यात जुन्या पावत्या, नणंदेच्या लग्नाची पत्रिका आणि पत्रिकेत गुंडाळलेली एक कॅसेट निघाली. वर धाकट्या दिरानं पेनानं लिहिलं होतं, ‘हळद, १९९६’. माझ्या ध्यानात आलं. त्या लग्नात दिरानं कुणाकडून तरी टेपरेकॉर्डर मागून आणला होता आणि हळद दळायच्या वेळी ओसरीच्या खिडकीत ठेवला होता. आम्ही बाया लाजून हसत होतो, एकमेकींना कोपरानं ढोसत होतो. लग्न झालं, नणंद नांदायला गेली आणि कॅसेट विसरून गेलो.

आता घरात टेप कुणाच्या आहे? माझ्या बहिणीची लेक पुण्यात आवाजाच्या रेकॉर्डिंगचं काम शिकते. तिला म्हटलं, बघ बाई, यातून काही निघतंय का. तिनं ती नेली. टेपरेकॉर्डरमधून वायर काढून कॉम्प्युटरला जोडायची आणि कॅसेट सुरू करायची. कॅसेट जेवढी वाजते तेवढाच वेळ लागतो. आठ दिवसांनी तिचा फोन आला.

“मावशी, गाणी चांगली आलीत. सवाशिणींचं सगळं स्वच्छ ऐकू येतंय. पण शेवटी पंधरा-वीस मिनिटं नुसता गलका आहे. भांडी, पोरं, जात्याचा कडकडाट. ते कापून टाकू का?”

मी म्हणणारच होते, टाक बाई. तेवढ्यात तीच म्हणाली, “थांब, राहू दे. आमच्या सरांनी एक जुनी तबकडी ऐकवली होती. तेव्हापासून कापायला हात धजत नाही.”

ती तबकडी कसली, ते तिनं मला नंतर सांगितलं. तुम्हालाही सांगते, कारण ती आपल्यापासून वाटते तेवढी लांब नाही. अमेरिकेतल्या काळ्या लोकांचे आजे-पणजे कापसाच्या रानात गुलाम म्हणून राबले. कापूस वेचताना एकानं ओळ म्हणायची, बाकीच्यांनी ती उचलायची. त्या गाण्यातून आणि त्यांच्या चर्चमधल्या भजनातून पुढं बरंच संगीत निघालं. त्यातल्या एका प्रकाराला ‘सोल जाझ’ म्हणतात. सोल म्हणजे जीव, आत्मा. १९६९ च्या जून महिन्यात स्वित्झर्लंडमधल्या माँत्रे गावच्या उत्सवात लेस मॅकॅन हा पियानो वाजवणारा गायक आणि एडी हॅरिस हा सॅक्सोफोन वाजवणारा, असे दोघं एका मंचावर आले. बेनी बेली हा ट्रम्पेटवालाही होता. एकत्र नीट सराव करायलाही त्यांना सवड मिळाली नव्हती. तरी बसले आणि लोकांसमोर वाजवलं. त्यातलं एक गाणं तर व्हिएतनामच्या लढाईवरून सरकारला जाब विचारणारं होतं. ते सगळं जसंच्या तसं रेकॉर्ड झालं आणि ‘स्विस मूव्हमेंट’ या नावानं तबकडी निघाली. तिच्यात लोकांच्या टाळ्या आहेत, आरोळ्या आहेत. पन्नास वर्षं उलटून गेली तरी लोक ती पुन्हा पुन्हा शोधून ऐकतात. भाची म्हणाली, “मावशी, तो गलका काढला तर त्या तबकडीतला जीवच जाईल.”

म्हणून तिनं आमचाही गलका ठेवला, आणि मी तो कानाला लावून ऐकला.

आधी सवाशिणींची हळद. जात्याला हळकुंड-सुपारी बांधलेली, पाच जणी बसलेल्या, बांगड्यांचा आवाज. त्यात माझाही आवाज आहे, ओळखूच येईना इतका कोवळा. हळद झाली, सगळ्या चहाला उठल्या. दीर मांडवाकडं पळाला आणि टेप बंद करायची राहून गेली. थोड्या वेळानं जातं पुन्हा सुरू झालं. लग्नासाठी हरभरे भरडायचे राहिले होते. त्या कडकडाटाखाली एक बारीक आवाज होता. माझ्या सासूबाईंचा. आम्ही सुना त्यांना आत्याबाई म्हणायचो.

आत्याबाई विधवा होत्या. पोटच्या लेकीच्या लग्नात त्यांनी हळदीच्या जात्याला हात लावायचा नाही, असा रिवाज. त्या कोपऱ्यात बसून होत्या. मान सवाशिणींचा. पण हरभरे भरडायला कुणाची आडकाठी नव्हती. काम कुणीही करावं! तर त्या बसल्या, आणि जवळ कुणी नाही असं बघून त्यांनी ओवी धरली.

त्या एका लेकीशी बोलत होत्या. नणंदेशी नाही, दुसऱ्याच लेकीशी. नाव घेऊन बोलत होत्या. ते नाव आमच्या घरात मी कधी ऐकलं नव्हतं. म्हणत होत्या की आज तुझ्या धाकट्या बहिणीची हळद आहे, तूही असतीस तर आधी तुझी हळद दळली असती. पुढं उसाचा फड होता, पाचटाची कोपी होती, थंडी होती. पाच-सहा ओव्या झाल्या. मग खट्ट. टेप संपली. ओवी अर्धी राहिली.

मी माझ्या चुलत सासूकडं गेले. वय झालंय, पण ध्यान शाबूत आहे. नाव सांगितल्याबरोबर त्यांनी डोळ्याला पदर लावला. १९७२ च्या दुष्काळानंतर आत्याबाई आणि मामंजी पहिल्यांदा ऊसतोडीला गेले. मुकादमाची उचल घेतलेली, म्हणजे कोयता ठेवून परत येता येत नाही. कडेला काही महिन्यांची पोर. थंडीत तिला ताप भरला आणि कोपीतच गेली. दुसऱ्या दिवशी दोघं पुन्हा फडात. गावाकडं आल्यावर कुणी तिचं नाव काढलं नाही. घरात बोलायची सोय नव्हती.

आता माझं सांगते. १९९२ ला मला पहिली मुलगी झाली. आत्याबाईंनी सव्वा महिना तिला मांडीवर घेतलं नाही. मी मनात धरलं. मुलगी झाली म्हणून तोंड फिरवलं, असंच समजले. माहेरी सांगितलं, शेजारणीला सांगितलं. २००९ मध्ये त्या गेल्या तोवर मी त्यांचं सगळं केलं, औषधपाणी केलं, पण ती गाठ सोडली नाही. आता त्या टेपवरचा आवाज ऐकल्यावर वाटतं, तोंड फिरवलं नव्हतं, त्यांना भीती वाटली होती. खरं काय ते मला आता कोण सांगणार? विचारायला त्या नाहीत. एवढं मात्र कळलं की जे त्यांनी मला सांगितलं नाही, नवऱ्याला सांगितलं नाही, ते जात्याला सांगितलं. आणि मी शेजारच्या खोलीत चहा पीत होते.

बायांनो, जातं हे आपलं बोलायचं ठिकाण होतं. पहाटे उठून दोघी समोरासमोर बसायच्या. एकीनं ओळ घ्यायची, दुसरीनं उचलायची. सासुरवास, भाऊ, लेक, विठ्ठल, पाऊस, सगळं त्यात यायचं. आपल्या शेजारच्या गंगाखेडच्या जनाबाईलाही दळताना विठ्ठल हात लावायला आला, असं आपण सांगत आलो. बाई एकटी दळते तेव्हा तिला कुणीतरी ऐकणारं लागतं, हेच त्यात आहे. मग गावोगावी पिठाची गिरणी आली. हाताचे कष्ट वाचले, ते बरंच झालं. मला पुन्हा जातं ओढायचं नाही. पण दळण डब्यातून गिरणीवर गेलं आणि बोलायचं ठिकाण गेलं.

आता एक आनंदाची गोष्ट. ज्या १९९६ साली आमच्या ओसरीत टेप चालू राहिली, त्याच साली आपल्या बीड जिल्ह्यात माजलगावला भीमनगरमध्ये बायांच्या ओव्यांचं रेकॉर्डिंग झालं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि फ्रान्सहून येऊन इथंच राहिलेले गी पॉइटवाँ या दोघांनी गावोगावच्या कार्यकर्त्यांना बरोबर घेऊन जात्यावरच्या ओव्या गोळा करायचं काम उभं केलं होतं. एक हजाराहून जास्त गावं, तीन हजारांहून जास्त बाया आणि एक लाखाहून जास्त ओव्या त्यांनी लिहून काढल्या. बर्नार्ड बेल यांनी त्यातल्या हजारो ओव्या बायांच्या आवाजात रेकॉर्ड केल्या. भीमनगरच्या बायांनी गायलं ते बाबासाहेबांवर आणि बुद्धावर. म्हणजे जात्यावर नुसती रडगाणी होती असं कुणी म्हणू नये. इतिहास घडला तो त्या बायांनी दळता दळता गाऊन ठेवला.

हेमाताई आणि गी आज नाहीत. पण ते रेकॉर्डिंग वाया गेलं नाही. २०१७ पासून ‘पारी’ या संस्थेनं, म्हणजे पत्रकार पी. साईनाथ यांनी सुरू केलेल्या ग्रामीण भारताच्या संग्रहानं, त्या ओव्या इंटरनेटवर आणायला सुरुवात केली. आवाज, शब्द, बाईचं नाव, गाव, सगळं. एरवी कागदावर बाईचं नाव येतं ते सातबारावर नवऱ्याच्या मागं. इथं ओवीखाली तिचं स्वतःचं नाव आहे. मोबाईल असलेल्या कुठल्याही पोरीला सांगा, ती शोधून लावून देईल. गटाच्या बैठकीत एकदा ऐका.

आपल्या खानदेशच्या बहिणाबाई चौधरी १९५१ ला गेल्या. त्यांची गाणी घरच्यांनी लिहून ठेवली होती, म्हणून १९५२ ला पुस्तक निघालं. शब्द वाचले, हे आपलं भाग्य. पण बहिणाबाई दळताना ओळ कुठं लांबवत होत्या, कुठं दम घेत होत्या, ते आता कुणाला ऐकू येणार? आपल्या हातात आज मोबाईल आहे. आपल्या म्हाताऱ्या आज आहेत.

तर कामाचं सांगते. आमच्या गटानं आतापर्यंत सहा जणींचं रेकॉर्डिंग केलं. त्यातून शिकलो ते असं.

आधी विचारा. गाशील का, आणि गायलेलं कुणाला ऐकवू, घरच्यांना, गटाला की रेडिओला? तिघांची परवानगी वेगवेगळी घ्या. नाही म्हणाली तर नाही.

मोबाईल एरोप्लेन मोडवर टाका, नाहीतर मधेच फोन येतो. पंखा बंद करा. मोबाईल जमिनीवर ठेवू नका, जात्याची थरथर येते. घडी केलेल्या लुगड्यावर, हातभर अंतरावर ठेवा. सुरुवातीला बाईचं नाव, गाव, तारीख बोला.

नुसतं खुर्चीवर बसवून “आजी, गा” म्हटलं तर आजीला ओवी आठवत नाही. जातं असेल तर मूठभर धान्य टाका. हात फिरला की ओळ येते. समोर बसायला तिच्या वयाची जोडीदारीण बोलवा. ओवी उचलणारी कुणी असली की गाणारीला बळ येतं.

कुणालाही कोपऱ्यात बसवू नका. आमच्या गटात आता विधवा बाई आधी जात्याला हात लावते. पहिल्यांदा दोघी-तिघी नाराज झाल्या, आता कुणी काही बोलत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, गाणं संपलं म्हणून लगेच बटण दाबू नका. चहा होऊ द्या. पंधरा-वीस मिनिटं तसंच चालू राहू द्या. ती रडली तर रडू द्या, पण चालू आहे हे तिला ठाऊक असू द्या. आत्याबाईंना ते ठाऊक नव्हतं, याची मला टोचणी आहे.

त्याच दिवशी शब्द वहीत उतरवा. ती जसं बोलते तसंच लिहा, शाळेचं करू नका. रेकॉर्डिंग एका मोबाईलवर ठेवू नका, मोबाईल पडतो. एक पेनड्राइव्ह गटाच्या पेटीत, एक दुसऱ्या घरी.

घरात जुन्या कॅसेट असतील तर उन्हात आणि स्पीकरजवळ ठेवू नका. कॅसेटच्या पाठीमागच्या कडेला प्लॅस्टिकचे दोन बारके तुकडे असतात. ते मोडून टाका, म्हणजे चुकून कुणी वर सिनेमाची गाणी भरणार नाही. किती आयांचे आवाज असे गेले असतील.

आत्याबाईंची ती ओवी मी आज वाजवणार नाही. ती त्यांनी कुणासाठी गायली ते मला ठाऊक आहे, आणि त्यात रेडिओ नव्हता. ही गोष्ट सांगू का, हे मी घरात सगळ्यांना विचारलं. नणंद म्हणाली, “सांग वहिनी, पण नाव आपल्यातच राहू दे.” म्हणून नाव घेतलं नाही. नणंदेला आता कळलं की तिला एक थोरली बहीण होती. नागपंचमीला माहेरी आली तेव्हा तिनं ती टेप दोनदा ऐकली. मग आम्ही दोघींनी माळ्यावरून जातं खाली काढलं, धुतलं. मूठभर ज्वारी टाकली. अर्धी राहिलेली ओवी पुरी करता येते का बघितलं. जमलं नाही. पण माझी मुलगी तिचं लेकरू घेऊन शेजारी बसली होती, आणि मोबाईल चालू होता.

एवढंच. तुमच्या घरात कुणी ओवी गाणारी असेल तर तिला आज संध्याकाळी विचारा.