अवतरणचिन्हं कुणाच्या नियमानं वळावीत?



येलदरी धरणावर चार ओळींचं टिपण संगणकावर लिहायचं आहे, असं समजू. जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवरचं हे धरण १९६८ साली पूर्ण झालं आणि पाठोपाठ '७२चा दुष्काळ आला. धरणाची जागा नकाशावर सांगायची तर सुमारे १९°४३' उत्तर अक्षांश. खालच्या अंगाला कुणाच्या मळ्यात ६०' खोल विहीर आहे, तिच्यावर २" पाईप बसवलेला आहे. मळ्याचा मालक म्हणतो, "धरणात पाणी असलं की आमच्या विहिरीचा पाझर टिकतो."

कळफलकावरची उभी एकेरी रेघ या टिपणात तीन कामं करते. सालातला ‘एकोणीसशे’ गाळल्याची खूण तीच, अक्षांशाच्या मिनिटांची तीच, विहिरीच्या फुटांचीही तीच. दुहेरी रेघेकडे दोन कामं आहेत: पाईपचे इंच आणि मालकाच्या बोलण्याच्या दोन्ही कडा. लिहिणाऱ्याला प्रत्येक ठिकाणी काय म्हणायचं आहे ते ठाऊक असतं. यंत्राला फक्त रेघ दिसते.

आता हेच टिपण संकेतस्थळावर चढवलं की पुष्कळदा एक छोटा प्रोग्राम मध्ये येतो. तो या उभ्या रेघा काढून त्यांच्या जागी वळलेली चिन्हं बसवतो, म्हणजे छापील पुस्तकात दिसतात तशी, उघडताना एका बाजूला आणि मिटताना दुसऱ्या बाजूला वळणारी. दोन आडव्या रेघांचा तो एक लांब डॅश करतो, तीन टिंबांचं एक सलग चिन्ह करतो. जॉन ग्रुबर यांनी ‘स्मार्टीपँट्स’ नावाचा असा प्रोग्राम या शतकाच्या सुरुवातीला लिहिला. पुढे वर्डप्रेस या संकेतस्थळ बांधण्याच्या प्रणालीतही हीच सोय आली, आणि आज हजारो मराठी पानं त्यातूनच बाहेर पडतात. लेखकानं साधं लिहावं आणि पान मात्र छापील दिसावं, ही कल्पना मला मनापासून पटते. माझी तक्रार निराळी आहे. या प्रोग्रामांचे नियम इंग्रजी वाक्य समोर ठेवून बांधलेले आहेत आणि मराठी वाक्य त्यांत बसत नाही.

मुळात उभी रेघ आली कुठून? शिशाचे खिळे जुळवण्याच्या काळात ती नव्हती. मुंबईत गणपत कृष्णाजींचा छापखाना असो की जावजी दादाजींचा निर्णयसागर, जुळाऱ्याला उघडणारं चिन्ह वेगळं आणि मिटणारं वेगळं जुळवावं लागे. टाइपरायटर आला तेव्हा कळांची संख्या मर्यादित होती. दोन चिन्हांसाठी दोन कळा देण्याऐवजी एकच सरळ, कुठेही चालेल अशी रेघ ठेवली गेली. अमेरिकेत १९६३ साली आस्की ही संकेतप्रणाली ठरली, तिनं ती रेघ तशीच उचलली. पुढे जगातल्या लिप्यांसाठी युनिकोड ही संकेतप्रणाली आली आणि वळलेल्या चिन्हांना स्वतंत्र जागा मिळाल्या. कळफलक मात्र जुनाच राहिला. म्हणून आज चिन्ह उपलब्ध आहे पण कळ नाही, आणि ही फट भरायला हे बदलणारे प्रोग्राम आले.

आपल्याकडे ही चिन्हं तशी अलीकडची. पोथीत दंड असे, बाकी विराम वाचणाऱ्यानं अर्थावरून घ्यायचा. मोडीत तर शब्दही न तोडता ओळ भरत नेत. इंग्रजी धर्तीची विरामचिन्हं मराठी गद्यात रुजवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामातले हे सहकारी. मराठी शाळापुस्तकं त्यांच्या नजरेखालून जात. ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे त्यांचं पुस्तक १८५० सालचं आहे. ती चिन्हं परकी म्हणून आज कुणी नाक मुरडू नये. पावणेदोनशे वर्षं ती मराठीत नांदली आहेत आणि नांदता नांदता त्यांना मराठी सवयी लागल्या आहेत. आपल्या मराठवाड्याला हे जास्त कळावं. निजामाच्या राजवटीत इथल्या जुन्या पिढीनं उर्दूही वाचली. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते, म्हणून तिच्यातल्या प्रश्नचिन्हाचं तोंडही उलट्या दिशेला असतं. खूण ज्या लिपीत राहते त्या लिपीच्या चालीनं वळते.

मराठी सवय म्हणजे काय, ते एका उदाहरणानं सांगतो. आपण म्हणतो, अमुक लेख "केसरी"त आला, तमुक उतारा "श्यामची आई"मधला आहे. नाव अवतरणात आणि प्रत्यय त्याला लगेच चिकटून. मध्ये जागा नाही. इंग्रजीत अवतरण मिटलं की पुढे बहुधा मोकळी जागा येते नाहीतर दुसरं विरामचिन्ह. म्हणून काही प्रोग्रामांत नियम असा असतो की ज्या रेघेला लागून पुढे अक्षर आहे ती उघडणारी. हा नियम ‘केसरी’च्या शेवटच्या रेघेला लावा. पुढे ‘त’ आहे, म्हणजे ही उघडणारी, असं यंत्र ठरवतं. एका नावाला दोन उघडणारी चिन्हं लागतात आणि मिटणारं एकही नाही.

याहून सूक्ष्म घोटाळा मात्रांचा आहे आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बरेच नियम ‘रेघेच्या मागे अक्षर असेल तर ती मिटणारी’ असे असतात. पण अक्षर कशाला म्हणायचं? जुन्या पद्धतीच्या प्रोग्रामांत अक्षर म्हणजे फक्त रोमन. त्यांच्या लेखी देवनागरीतलं एकही अक्षर अक्षर नसतं. हे लक्षात आलं की प्रोग्रामर युनिकोडमधला ‘अक्षर’ हा वर्ग वापरतो आणि काम झालं असं समजतो. पण युनिकोडनं काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार यांना अक्षरांच्या वर्गात ठेवलेलं नाही. त्यांचा वर्ग निराळा, जोडखुणांचा. आता "घर" लिहा. शेवटी ‘र’, तो अक्षर, म्हणून पुढची रेघ बरोबर मिटते. "चला" लिहा. शेवटी काना, तो अक्षर नाही, म्हणून रेघ चुकते. एकाच पानावर निम्मी अवतरणं नीट आणि निम्मी उलटी दिसतात, आणि कारण कुणाला सापडत नाही. मराठीत तर शब्दाच्या शेवटी मात्राच जास्त: ला, ने, ची, चे, तो, ती, होते, गेली. ही चूक इथं अपवादानं होत नाही, ओळीओळीला होते. उपाय सोपा आहे. नियमात अक्षरांबरोबर जोडखुणाही धरायच्या. त्याहून बरं म्हणजे अक्षराकडे बघायचंच नाही, मोकळ्या जागेकडे बघायचं. रेघेच्या मागे जागा, ओळीची सुरुवात, कंस किंवा डॅश असेल तर ती उघडणारी. नाहीतर मिटणारी. या एका नियमात "चला" सुटतं आणि "केसरी"तही सुटतं.

मग उरतो '७२चा दुष्काळ. तिथं रेघेच्या मागे जागा आहे, म्हणून यंत्र उघडणारं चिन्ह देतं. खरं तर गाळलेल्या आकड्यांची खूण मिटणाऱ्या चिन्हासारखी वळायला हवी. ’४२ची चळवळ, ’७२चा दुष्काळ, अशी. रेघेपुढे दोनच आकडे आणि त्यांना लागून प्रत्यय असेल तर हे साल आहे, एवढं यंत्राला शिकवता येतं. पण विहिरीचे साठ फूट आणि पाईपचे दोन इंच? आकड्यानंतरची रेघ माप आहे की एखाद्याच्या बोलण्याचा शेवट आकड्यावर झाला आहे, हे यंत्राला खात्रीनं सांगता येत नाही. ‘माझं वय ६०’ असं म्हणून एखादा थांबला तर? माझं स्पष्ट मत आहे की मापं शब्दांत लिहावीत. साठ फूट, दोन इंची पाईप. वाचणाऱ्याला सोपं आणि यंत्राची पंचाईत नाही. अंश-मिनिटांसाठी मात्र सरळ तिरप्या रेघेचं वेगळं चिन्ह युनिकोडमध्ये आहे, तेच हातानं घालावं.

आता अशी एक गोष्ट जी इंग्रजी प्रोग्रामला कधीच सुचणार नाही, कारण ती फक्त आपली आहे: विसर्ग. विसर्ग आणि अपूर्णविराम दिसायला जवळजवळ सारखे. इनस्क्रिप्ट या सरकारी कळफलकाच्या जुन्या मांडणीत अपूर्णविरामाच्या कळेवर ‘च’ आहे, अवतरणाच्या कळेवर ‘ट’ आहे, प्रश्नचिन्हाच्या कळेवर ‘य’ आहे. विसर्ग मात्र शिफ्ट धरून आडव्या रेघेच्या कळेवर सहज सापडतो. त्यामुळे तिथला टंकलेखक ‘सूचनाः’, ‘टीपः’, ‘पुढीलप्रमाणेः’ असं विसर्गानं लिहून मोकळा होतो. आणि ज्यांच्या कळफलकावर विसर्ग शोधावा लागतो ते ‘दुःख’ या शब्दात अपूर्णविराम घालतात. डोळ्याला फरक कळत नाही. पण यंत्राच्या लेखी तो शब्दच तुटला. ‘दुःख’ असं नीट लिहून शोध घेणाऱ्याला ते पान मिळत नाही. दृष्टिहीन वाचकाला मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम तिथं मधेच थबकू शकतो.

ही दुरुस्ती आपोआप करून घेता येईल आणि करून घ्यायला हवी. दुःख, निःशब्द, अंतःकरण, प्रातःकाल, निःपक्षपाती अशा शब्दांची यादी काही फार लांब नाही. यादीतल्या शब्दात अपूर्णविराम दिसला की विसर्ग घाला. उलट दिशेनं जाताना मात्र सावध राहायला हवं, कारण शब्दाच्या शेवटचा विसर्ग खराही असतो. स्वतः, विशेषतः, मुख्यतः, अंशतः यांना हात लावायचा नाही. पुनः, नमः यांनाही नाही. संस्कृत उतारा तर पूर्ण वगळावा. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे अठरा नियम अनुस्वाराची आणि ऱ्हस्व-दीर्घाची जितकी काळजी घेतात, तेवढीच काळजी या दोन टिंबांची कुणीतरी घ्यायला हवी.

दंडाचंही तसंच आहे. नरसीच्या नामदेवांचे आणि गंगाखेडच्या जनाबाईंचे अभंग आज संकेतस्थळांवर वाचायला मिळतात, ही मोठी गोष्ट आहे. पण त्यांत दंडाच्या जागी कुठे प्रोग्रामरांची लांब उभी रेघ असते, कुठे चक्क रोमन ‘आय’, कुठे एकचा आकडा. देवनागरी दंड आणि दुहेरी दंड यांना युनिकोडमध्ये स्वतःच्या जागा आहेत. इथं सरसकट बदल करू नये, कारण तक्त्यातही तशा लांब उभ्या रेघा असतात. मजकूर अभंग किंवा ओवी म्हणून नोंदलेला असेल तरच हा नियम चालवावा.

एक तांत्रिक गोष्ट संकेतस्थळं बांधणाऱ्या तरुणांसाठी. मूळ मजकूर साठवताना लेखकानं जसा लिहिला तसाच साठवा आणि चिन्हं पान दाखवताना बदला. मग नियम सुधारला की जुनी सगळी पानं आपोआप सुधारतात. संकेतस्थळांचे पत्ते, ईमेल आणि प्रोग्रामचा नमुना असलेला भाग या बदलातून वगळा. तिथं एक वळलेलं चिन्ह शिरलं तरी वाचकानं उतरवून घेतलेली आज्ञा चालत नाही. वर्डप्रेसमध्ये कोणत्या भाषेत कोणतं चिन्ह उघडणारं आणि कोणतं मिटणारं हे त्या त्या भाषेचा अनुवादक ठरवू शकतो. म्हणजे निदान चिन्हं निवडण्याचं दार मराठीला उघडं आहे.

एवढं सगळं कशाला, असं कुणी विचारेल. देवनागरी अक्षरांच्या डोक्यावर आधीच गर्दी असते. वेलांटी, मात्रा, रफार, चंद्र, अनुस्वार, सगळे शिरोरेषेच्या वर. त्या गर्दीत ‘ही’ किंवा ‘सर्व’ यांच्या शेजारी एक सरळ रेघ उभी राहिली की ती मात्रेचाच भाग वाटते, विशेषतः मोबाईलच्या बारीक अक्षरात. वळलेलं चिन्ह वेगळं ओळखू येतं आणि कोण बोलतंय, कुठून कुठपर्यंत बोलतंय, ते लगेच कळतं. धरणातून पाणी सोडण्याचा इशारा असो की शाळेतला धडा, अधिकाऱ्याचे शब्द कुठे संपले आणि बातमीदाराचे कुठे सुरू झाले हे वाचकाला कळायलाच हवं.

तेव्हा परभणी, जिंतूर, हिंगोली इथं संगणक शिकणाऱ्या मुलामुलींना माझं सांगणं आहे. असा प्रोग्राम वापरात आणण्याआधी त्याला पाच गोष्टी खायला घाला: "चला", "केसरी"त, '७२चा दुष्काळ, ६०' विहीर आणि अपूर्णविरामानं लिहिलेलं दुःख. पाचांतलं काय चुकतं ते पाहा आणि नियम दुरुस्त करून सर्वांसाठी खुला करा. आणि जे नुसते मोबाईलवर लिहितात त्यांनी अवतरणाची कळ जरा वेळ दाबून धरावी. बहुतेक कळफलकांवर वळलेली चिन्हं तिथंच मिळतात.