हिशेबाची विद्या आणि मोठ्या फर्मचा दरवाजा
(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)

 

वर्धापनदिनाला धम्मावर बोलणारे विद्वान पुष्कळ येतात. समितीने आम्हाला मात्र वेगळाच विषय दिला. बी.कॉम. झालेल्या आपल्या पोरापोरींना मोठ्या अकाउंटिंग फर्ममध्ये नोकरी कशी लागेल, यावर बोला म्हणाले. विहारात हा विषय कशाला, असे काहींच्या मनात आले असेल. त्याचे उत्तर बाबासाहेबांच्याच चरित्रात आहे.

१९१८ साली बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, हे आपल्याला पाठ आहे. पण सिडनहॅम हे वाणिज्याचे कॉलेज, हे किती जणांच्या लक्षात असते? शेअर व गुंतवणुकीबाबत सल्ला देण्याचा व्यवसायही त्यांनी करून पाहिला. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळले आणि गिऱ्हाईक येईनासे झाले. अर्थशास्त्रात त्यांच्या तोडीचे शिकलेले लोक तेव्हा देशात बोटांवर मोजण्याइतके होते, तरी ही गत! पुढे १९२५ ते १९२८ या काळात मुंबईच्या बाटलीबॉय अकाउंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये ते व्यापारी कायदा शिकवत होते. म्हणजे हिशेबनीस होऊ पाहणाऱ्या मुलांचे बाबासाहेब हे गुरुजी. आणि १९४९ साली संविधान सभेत देशाच्या महालेखापरीक्षकाच्या पदावर चर्चा झाली, तेव्हा हा अधिकारी बहुधा संविधानातला सर्वांत महत्त्वाचा अधिकारी ठरेल, असे मत त्यांनी मांडले. त्याच वर्षी चार्टर्ड अकाउंटंटचा कायदा झाला आणि सीएची संस्था उभी राहिली.

तेव्हा हिशेब तपासणे हे काम आपल्याला परके नाही. परके आहे ते त्या कामाचे ऑफिस.

मोठ्या फर्म म्हणजे कोणत्या? डेलॉइट, पीडब्ल्यूसी, ईवाय आणि केपीएमजी, या चार. जगभर पसरलेल्या. आधी पाच होत्या. एन्रॉन कंपनीच्या घोटाळ्यात आर्थर अँडरसन ही पाचवी फर्म २००२ साली बुडाली. एन्रॉन हे नाव महाराष्ट्राला दाभोळमुळे चांगलेच ठाऊक. २००९ साली आपल्याकडे सत्यम कॉम्प्युटर्सचे प्रकरण झाले. कंपनीच्या वह्यांत दाखवलेली पाच हजार कोटींहून जास्त रोकड आणि बँकेतली शिल्लक प्रत्यक्षात नव्हतीच! ऑडिटरच्या सह्या मात्र ताळेबंदावर होत्या. बँकेत शिल्लक आहे की नाही, हे बँकेलाच विचारून खात्री करायची, एवढे साधे हे काम, पण ते न केल्यास हजारो लोकांची पुंजी जाते. आपण दर रविवारी या सभागृहात पंचशील घेतो. त्यातले चौथे शील रोज दहा ते सहा सांभाळावे लागते असा हा धंदा आहे.

आता आत शिरायचे कसे? दोन वाटा आहेत.

पहिली वाट नुसत्या पदवीवर. पुणे, हैदराबाद, बंगळूर, गुरुग्राम इथे या फर्मची मोठमोठी ऑफिसे आहेत. तिथे अमेरिकेतल्या लोकांची आणि कंपन्यांची करविवरणे तयार होतात, हिशेबांची जुळणी होते. बी.कॉम., एम.कॉम. झालेल्यांना तिथे घेतात. अडचण अशी की भरती बहुधा मोठ्या शहरांतल्या कॉलेजांत जाऊन करतात. बुलढाणा, चिखली, मेहकरला कोणी येत नाही. आपल्या पोरांनी फर्मच्या संकेतस्थळावर स्वतः अर्ज टाकायचा आणि चाचणी द्यायची. मुलाखतीत काय विचारतात, हे आम्ही तिथे गेलेल्या काही मुलांना मुद्दाम विचारले. घसारा म्हणजे काय, तो नफ्यातून वजा होतो पण रोकड जात नाही हे कसे, येणे रक्कम बुडाली तर नोंद काय कराल, टीडीएस कोण कापतो. आणि एक्सेल. एक्सेल नीट येत नसेल तर प्रथम श्रेणीचाही उपयोग नाही. हे सगळे पहिल्या वर्षाच्या पुस्तकातले आहे बघा. पण आपल्याकडे गाईड पाठ करून पास व्हायची रीत पडली आहे. ती मोडलीच पाहिजे.

दुसरी वाट सीएची. लांब, पण पक्की. बारावीनंतर फाउंडेशन, मग इंटरमीजिएट, मग फायनल. वाणिज्य पदवीला ५५ टक्के असले तर फाउंडेशन द्यावी लागत नाही, थेट इंटरला बसता येते. प्रत्येक पेपरात ४० आणि एकूण ५० टक्के, हा नियम सर्वांना सारखा. इथे आरक्षण नाही. उत्तरपत्रिकेवर आडनावही नाही, फक्त रोल नंबर. या परीक्षेत पडायला कोणाची भीती नको. पहिल्या खेपेला नापास होणारेच जास्त असतात, त्यात सगळ्या समाजांची मुले असतात.

खरी अडचण पुढे आहे आणि आज मुख्यतः तेच सांगायला आम्ही उभे आहोत. इंटर झाल्यावर एखाद्या सीएच्या हाताखाली आर्टिकलशिप करावी लागते. पूर्वी ती तीन वर्षांची होती, २०२३ पासून नव्या योजनेत दोन वर्षांची झाली. इथे रोल नंबर चालत नाही. इथे ओळख लागते. ज्यांच्या घरी अडत आहे, जिनिंग आहे, ज्यांचा मामा-काका सीए आहे, त्यांचे काम एका फोनवर होते. आपल्या पोराचा बाप एसटीत, शाळेत नाहीतर शेतात राबणारा. त्याने कोणाला फोन करावा? मग पोरगा घरीच बसतो आणि शेजारी विचारतात, "शिकून राह्यला का कमावून राह्यला?" दोन गट पास झालेली मुले या ठिकाणी अडून स्पर्धा परीक्षेच्या रांगेत जाऊन उभी राहतात, हे आम्ही पाहतो आहोत. सरकारी नोकरीची रांग वाईट नाही. पण जागा किती निघतात, ते तुम्हीच पाहता.

मोठ्या फर्म आर्टिकल म्हणूनही मुले घेतात. दोन्ही गट एका दमात सुटले असतील तर मुंबई-पुण्यात थेट अर्ज करावा. तिथे आर्टिकल केलेल्याला पुढे त्याच फर्ममध्ये नोकरीची संधी बरी असते. ते न जमले तर खामगाव, मलकापूर, अकोल्याच्या फर्ममध्ये करावे, त्यात कमीपणा नाही. तिथे डाळमिलचा, पतसंस्थेचा ऑडिट हातून होतो, गोदामात जाऊन पोती मोजावी लागतात. फायनल झाल्यावर संस्था स्वतः कॅम्पस भरवते. तिथे हाच अनुभव नीट मांडता आला पाहिजे.

आडनावाचे काय? खोटे कशाला बोला. आपल्या अमरावती जिल्ह्याचे डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. खाजगी कंपन्यांना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवले, तर दलित आडनावाला बोलावणे कमी आले. 'घरची पार्श्वभूमी सांगा' हा प्रश्नही मुलाखतीत येतो. आमचे म्हणणे असे की जे आहे ते मान वर करून सांगावे. बाप हमाल असेल तर हमाल सांगावे, आणि त्या घरातून आपण इंटर कशी काढली तेही सांगावे. इंग्रजी मोडके असले तरी वाक्य पूर्ण करावे.

एक गोष्ट आईबापांसाठी. मोठे नाव, मोठा पगार, पण काम रात्री उशिरापर्यंत. २०२४ साली पुण्यात अशाच एका मोठ्या फर्ममध्ये नव्याने लागलेली २६ वर्षांची सीए मुलगी चार महिन्यांत वारली. कामाच्या ओझ्याने माझी लेक गेली, असे पत्र तिच्या आईने फर्मच्या प्रमुखांना लिहिले आणि देशभर त्याची चर्चा झाली. म्हणून पोरीला पाठवू नका, असे आम्ही म्हणत नाही. उलट पोरींनाच आधी पाठवा. मात्र महिन्याच्या पहिल्या तारखेला पैशाची वाट पाहत असाल तर फोनवर जेवलीस का, झोपलीस का, हेही विचारा. नाही झेपत म्हणाली तर घरी ये म्हणा. एकदा सीए झालेल्या माणसाला अकोल्यातही पाटी लावता येते.

शेवटी समितीकडे आमची एक मागणी आहे. आपल्या वस्त्यांतून आता सीए झालेली मुले निघू लागली आहेत. बँकेतले अधिकारी आहेत, कर विभागात काम केलेले आहेत. त्यांची नावे आणि फोन एका वहीत लिहून ती वही विहाराच्या वाचनालयात ठेवावी. इंटर झालेल्या पोराला फोन कोणाला करायचा, हे तिथे मिळेल. सीए संस्थेच्या गरजू व दुर्बल घटकांसाठी शिष्यवृत्त्या असतात, त्यांच्या तारखाही फळ्यावर लावाव्यात. वहीतले पहिले नाव आमचे लिहा. रविवारी वंदनेनंतर आम्ही तासभर इथे थांबू. ज्यांना एक्सेल शिकायचे आहे त्यांनी वही-पेन आणावे, कॉम्प्युटर आम्ही आणतो.

जयभीम! नमो बुद्धाय!