पासिंगला जाण्यापूर्वी चेसिस नंबर पाहा

प्रवासी वा मालवाहू गाडीला फिटनेस प्रमाणपत्र, म्हणजे आपल्या बोलीत पासिंग, सक्तीचे आहे. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत ते दर दोन वर्षांनी करायचे, त्यानंतर दरवर्षी.

ब्रेक, दिवे तपासण्याआधी पटवली जाते ती गाडीची ओळख. नंबरप्लेट, म्हणजे चंद्रपूरची एमएच ३४ किंवा गडचिरोलीची एमएच ३३, एवढ्यावर भागत नाही. चेसिसवर कोरलेला १७ अक्षर-अंकांचा क्रमांक नोंदणी प्रमाणपत्राशी, म्हणजे आरसीशी, तंतोतंत जुळावा लागतो. घुग्घुसच्या कोळशाची धूळ, सुरजागडच्या रस्त्यावरची लाल माती आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे तो आकडा गंजाखाली जातो. आदल्या दिवशीच रॉकेलच्या फडक्याने तो हलक्या हाताने पुसा. ग्राइंडर, कानस मुळीच लावू नका. खरवडलेल्या आकड्यावर खाडाखोडीचा संशय येतो आणि निर्दोष मालकाला खेटे घालावे लागतात. या क्रमांकात इंग्रजी ‘ओ’ आणि ‘आय’ ही अक्षरे नसतातच, असतात ती शून्य आणि एक. अर्ज भरताना नेमकी इथेच चूक होते.

इंजिन बदलले असेल तर त्याची नोंद आरसीवर आधीच करून घ्या. विमा, पीयूसी, परमिट आणि कराची पावतीही सोबत हवी.

पासिंगसाठी गाठायचे गडचिरोली सिरोंच्याहून सुमारे दोनशे किलोमीटर. एका न जुळलेल्या आकड्यासाठी तेवढे अंतर रिकाम्या हाताने परतणे गरीब वाहनधारकाला परवडत नाही. म्हणून घरून निघण्यापूर्वी आरसी हातात धरा आणि चेसिसवरचा एकेक आकडा मोठ्याने वाचून जुळवा.