प्रवेशद्वाराविषयी दोन शब्द
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



सुवर्णमहोत्सवानिमित्त आपल्या आवाराचे जुने लोखंडी फाटक काढून तेथे स्टेनलेस स्टीलचे नवे बसवावे, असा विचार पुढे आला आहे. निर्णय होण्यापूर्वी इंग्लंडमधील एका फाटकाची हकीकत सांगण्याची अनुमती घेतो.

नॉरफोक परगण्यातील सँड्रिंगहॅम ही तेथील राजघराण्याची ग्रामीण जहागीर. १८६२ साली ती युवराज एडवर्ड यांच्यासाठी खरेदी झाली आणि १८६३ साली त्यांचा विवाह झाला. त्या प्रसंगी नॉरिच शहर व परगण्यातील लोकांनी वर्गणी काढून आहेर दिला, तो प्रवेशद्वाराचा! टॉमस जेकिल यांनी आरेखिलेले हे फाटक १८६२ च्या लंडन येथील आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात मांडले गेले होते. ते घडविले नॉरिचच्याच बार्नार्ड, बिशप अँड बार्नार्ड्स या कारखान्याने. आम्हा कापडवाल्यांना कौतुक वाटावे असे की, नॉरिच हे पूर्वापार लोकरी कापडाचे शहर. आणि या कारखान्याचे संस्थापक चार्ल्स बार्नार्ड यांनी १८४४ साली कापडाच्या मागावरूनच तारेची जाळी विणण्याचे यंत्र सिद्ध केले होते. ताणाबाणा लोखंडातही पोहोचला तो असा.

या फाटकात ओतीव व घडीव असे दोन्ही प्रकारचे लोखंड आहे. ओतीव काम साच्यातून निघते, शंभर नग सारखे. घडीव काम भट्टीत तापवून ऐरणीवर ठोकावे लागते. त्यातील दोन पाने तंतोतंत सारखी नसतात. अशा लोखंडाचे व्यापारी उत्पादन ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात बंद पडले. त्याआधी, दुसऱ्या महायुद्धात, तेथील असंख्य बागांचे व घरांचे कठडे युद्धसामग्रीसाठी कापून नेले गेले. कित्येक बुटक्या भिंतींवर गजांची थोटके आजही दिसतात.

आपले फाटक राजवाड्याचे नव्हे. परंतु तेही टीप काढूनच झाले. कोणी पाच रुपये दिले, कोणी अकरा. आणि त्यावर नाव कोणाचेच नाही. ते गंजते हे खरे, पण गंजाचे कारण तळाशी साचणारे पाणी आहे. उंबऱ्याशी उतार द्यावा, जुने थर खरवडून रेड ऑक्साइडचा हात द्यावा, बिजागरीत ग्रीस भरावे. रथयात्रेच्या वेळी ते अरुंद पडते, ही तक्रारही रास्त आहे. त्यासाठी बाजूच्या भिंतीत दुसरा दरवाजा काढावा आणि दात्यांची नावे त्यावर आनंदाने कोरावीत.

त्या दुसऱ्या दरवाजाच्या टिपेत माझे नाव आजच लिहून घ्यावे, ही विनंती. जय जिनेन्द्र!