सहल ठरली, पण बंगला कोणता?

आमच्या गटातल्या बारा जणींनी ठरवलं, उन्हाळ्याच्या सुट्टीत लेकरांना घेऊन एक रात्र बाहेर राहायचं आणि पाण्याचा पार्क बघायचा. बचतीला हात लावायचा नाही, अंतर्गत कर्ज सहलीसाठी काढायचं नाही, हे आधीच इतिवृत्तात लिहिलं. दहा महिने प्रत्येकीने वेगळे तीनशे रुपये काढायचे ठरले. दोघींना ते पुरे जमले नाहीत. त्यांना मागं ठेवून जायचं नव्हतं, म्हणून निवड जपूनच करावी लागली.

पोरांना इमॅजिका हवं होतं. खोपोलीजवळ २०१३ साली सुरू झालेला हा मोठा पार्क सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलेला. तिकडचा एक बंगला बघितला, दुसरा शिर्डीचा, तिथल्या वॉटर पार्कजवळचा. फोटोत दोन्ही सारखेच: निळं पाणी, पांढऱ्या खुर्च्या. मग आम्ही फोन करून खोदून विचारलं. खोपोलीकडचा ‘वीस माणसांचा’ बंगला म्हणजे तीन खोल्या, बाकीच्यांना हॉलमध्ये गाद्या. बाथरूम दोनच. दुपारी दोनला आत, सकाळी दहाला बाहेर, म्हणजे ‘दोन दिवस’ म्हणतात ते वीस तास! वर अनामत वेगळी. पैसे आत्ता पाठवा, पावती नंतर देऊ, असंही म्हणाले. आम्ही म्हटलं, आधी पावती. पुन्हा फोन उचलला नाही.

तिथं स्वयंपाकघर होतं, हे काही जणींना आवडलं होतं. शिधा घरून नेला की खर्च वाचतो. तेव्हा एक मावशी म्हणाल्या, “चुलीपुढनं उठून गॅसपुढं बसायला तीन हजार भरायचे का गं?” सगळ्या हसलो, पण खरंच आहे. आपण सहलीला गेलो तरी पोळ्या कोण लाटणार, हे कुणी विचारतच नाही.

शिर्डीला तो प्रश्न नव्हता. साईसंस्थानच्या प्रसादालयात जेवण मोफत मिळतं. आणि अंतर! खोपोली अडीचशे किलोमीटरच्या वर, गाडीभाड्यातच निम्मे पैसे गेले असते. शिर्डी कोपरगावच्या पुढं, एसटीने सकाळी निघून पोचता येतं. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहेच. वाचलेल्या भाड्यातून त्या दोघींचं भागलं. पोरं दोन दिवस रुसली, मग विसरली.

एक गोष्ट मात्र आम्ही विचारायची विसरलो. साडी किंवा सुती ड्रेस घालून पाण्यात उतरू देत नाहीत, नायलॉनचेच कपडे लागतात. दारात भाड्याने घ्यावे लागले, त्याची अनामत वेगळी. बाहेरचं खाणंही आत चालत नाही. आमचे लाडू पिशवीतच राहिले. तुम्ही जाणार असाल तर आधी आठवडी बाजारातून लेगिंग आणि टी-शर्ट घ्या, स्वस्त पडतं.

त्या मावशी दुपारपर्यंत काठावरच बसल्या होत्या. चार वाजता बघतो, तर भाड्याच्या कपड्यांत लाटांच्या पाण्यात उभ्या, आणि नातू हाताला धरून ओढतोय, आज्जी चल, बस निघंल.